मराठीतून पाहता जपानी आणि आफ्रिकान्स: नव्याने शिकणाऱ्यांसाठी पायरीपायरीने तुलना

परदेशी भाषांच्या अवघडपणाची जी कोष्टके सर्वत्र फिरत असतात, त्यांत जपानी आणि दक्षिण आफ्रिकेत बोलली जाणारी आफ्रिकान्स या भाषा दोन टोकांना सापडतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट आपल्या अधिकाऱ्यांना परक्या भाषा शिकवते. कामापुरते प्रभुत्व येण्यासाठी जपानीला सुमारे २२०० तासांचे वर्ग लागतात, असा तिचा अंदाज आहे. तिच्या जुन्या यादीत आफ्रिकान्स मात्र सर्वांत सोप्या गटात होती आणि त्या गटाला सुमारे ६०० तास पुरतात असे धरले जाई. हे आकडे खोटे नाहीत. पण ते इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाच्या जागेवरून मोजलेले आहेत. मराठी माणूस त्या जागेवर उभा नसतो. त्याच्या हाताशी मराठी असते, शाळेत शिकलेले हिंदी आणि इंग्रजी असते, थोडेबहुत संस्कृतही असते. या सामग्रीच्या आधारे दोन्ही भाषा तपासल्या, तर कोष्टकातले चित्र बरेच बदलते. या दोन भाषांपैकी एक निवडायची असेल, किंवा भाषांची तुलना कशी करावी हेच शिकायचे असेल, तर पुढील पायऱ्या क्रमाने घ्याव्यात.

पायरी १: हेतू आणि ठिकाण आधी ठरवा

जपानीचे सुमारे १२ कोटी भाषक जवळजवळ सगळे एकाच देशात राहतात, आणि तेथील कारखान्यात, दवाखान्यात किंवा नगरपालिकेत इंग्रजीवर काम निभावेलच असे नाही. म्हणजे जपानमध्ये राहणाऱ्याला भाषा शिकण्यावाचून गत्यंतर नसते, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही सक्तीच उपकारक ठरते. जपानने २०१९ मध्ये सुरू केलेल्या विशिष्ट कौशल्यधारक कामगारांच्या व्हिसासाठी जपानी भाषा प्रावीण्य परीक्षेची एन-४ पातळी (पाच पातळ्यांपैकी खालून दुसरी) किंवा तिच्या तोडीची अन्य चाचणी मागितली जाते. त्यामुळे महाराष्ट्रातील अनेकांसाठी हा हेतू थेट नोकरीशी जोडलेला आहे.

आफ्रिकान्सचे गणित वेगळे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या २०२२ च्या जनगणनेत सुमारे १०.६ टक्के लोकांनी ती घरात बोलली जाणारी भाषा म्हणून नोंदवली. झुलू आणि खोसा यांच्यानंतर तिचा क्रम लागतो. शेजारच्या नामिबियातही ती वेगवेगळ्या समाजांमध्ये दुवा म्हणून वापरली जाते. मात्र तिचे बहुतेक भाषक इंग्रजी जाणतात आणि समोरचा अडखळला की सौजन्याने इंग्रजीकडे वळतात. केप टाउनमध्ये पोट भरण्यासाठी आफ्रिकान्स लागत नाही. तिथल्या माणसांत मिसळण्यासाठी लागते. शिवाय आफ्रिकान्स वाचता येऊ लागली की डच भाषेतील मजकुराचाही मोठा भाग कळू लागतो. जपानी शिकून असा दुसऱ्या एखाद्या भाषेचा दरवाजा इतक्या सहज उघडत नाही. फार तर चिनी अक्षरे ओळखीची होतात.

पायरी २: नाते आणि साम्य यांची गल्लत टाळा

आफ्रिकान्स ही डचमधून निघालेली, म्हणजे जर्मानिक शाखेची भाषा. मराठीप्रमाणेच ती भारोपीय, म्हणजे भारत-युरोपीय, कुटुंबातली आहे. तिच्यातला दातासाठीचा ‘टान्ट’ आणि आपला ‘दंत’, आठासाठीचा ‘आख़्ट’ आणि आपला ‘अष्ट’ ही खरोखरीची भावंडे आहेत. जपानीचे मात्र जपानच्या दक्षिणेकडील र्‍युक्यू बेटांवरील भाषा सोडल्यास कोणत्याही भाषेशी निर्विवाद नाते सिद्ध झालेले नाही. जपानीतला नावासाठीचा ‘नामाए’ हा शब्द ऐकून पुष्कळांना ‘नाम’ आठवते, पण तो निव्वळ योगायोग आहे आणि त्यावर काहीही उभारू नये.

आता गंमत अशी की, वाक्याची घडण पाहिली तर बिननात्याची जपानी मराठीला लागून बसते आणि नात्यातली आफ्रिकान्स दूर उभी राहते. पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा आधार हाच विरोधाभास आहे.

पायरी ३: पहिला आठवडा फक्त कानासाठी ठेवा

या काळात व्याकरण उघडू नये. दोन्ही भाषांतील बातम्या किंवा साधी संभाषणे रोज ऐकावीत आणि कोणते ध्वनी आपल्याकडे आधीच आहेत याची यादी करावी.

जपानीची यादी मोठी होते. ‘चमचा’ या शब्दातला दंत्य च मराठीत असल्यामुळे ‘त्सुनामी’तला पहिला ध्वनी आपल्याला सहज जमतो, इंग्रजी भाषकाला त्यासाठी मुद्दाम सराव करावा लागतो. स्वर पाचच आहेत: आ, इ, उ, ए, ओ. र तर आपलाच. खरी अडचण ऱ्हस्व-दीर्घाची आहे. मराठीत आपण लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ पाळतो, पण बोलताना इकार-उकारांच्या लांबीकडे फारसे लक्ष देत नाही. जपानीत ‘ओबासान’मधला ‘बा’ आखूड ठेवला तर मावशी किंवा काकू होते आणि दुप्पट लांबवला तर आजी होते. तसेच ‘किते’ म्हणजे ‘येऊन’ आणि ‘कित्ते’ म्हणजे ‘कापून’ किंवा टपालाचे तिकीट. जोडाक्षरावरचा ठसा कमी पडला की अर्थ बदलतो. याखेरीज स्वरांच्या चढउतारानेही शब्द वेगळे होतात. ‘हाशि’ उच्चारताना आवाज वरून खाली आला तर जेवणाच्या काड्या, खालून वर गेला तर पूल. पण आरंभी याची चिंता करू नये, कारण हा चढउतार जपानमध्येच प्रांताप्रांतांत बदलतो आणि संदर्भाने अर्थ कळतो.

आफ्रिकान्समध्ये प, ट, क हे वर्ण इंग्रजीसारखे हवा सोडून उच्चारले जात नाहीत, तर मराठीसारखे कोरडे उच्चारले जातात, आणि र चांगला खणखणीत असतो. मात्र रोमन अक्षरे पाहून इंग्रजीची सवय उफाळून येते, ती मोडावी लागते. इंग्रजी ‘जी’ हे अक्षर येथे घशातून घासत येणाऱ्या ख़ सारखे, ‘व्ही’ हे फ़ सारखे, ‘डब्ल्यू’ हे व सारखे आणि ‘जे’ हे य सारखे उच्चारले जाते. ‘ओ’ आणि ‘ई’ ही अक्षरे लागोपाठ आली की ‘ऊ’ होतो. शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘डी’ ट ऐकू येतो. म्हणून कुत्र्यासाठीचा शब्द ‘होन्ट’. ऱ्हस्व-दीर्घाचा सापळा येथेही आहेच: आखूड स्वराचा ‘मान’ म्हणजे माणूस आणि लांब स्वराचा ‘मान’ म्हणजे चंद्र. या लेखात आफ्रिकान्सचे शब्द देवनागरीत लिहिताना थोडी ओढाताण होणार, हे गृहीत धरून प्रत्यक्ष ध्वनिफीत ऐकूनच उच्चार पक्के करावेत.

पायरी ४: वाक्ये शब्दशः मांडून पाहा

तुलनेचा गाभा येथे आहे, म्हणून या पायरीला घाई करू नये. एका वहीत तीन रकाने आखावेत आणि साधी मराठी वाक्ये दोन्ही भाषांत शब्दाखाली शब्द ठेवून लिहावीत.

‘मी मित्रासोबत स्टेशनपर्यंत चाललो’ हे वाक्य घ्या. जपानीत ते ‘वाताशि वा तोमोदाचि तो एकि मादे आरुकिमाशिता’ असे होते. वाताशि म्हणजे मी, तोमोदाचि म्हणजे मित्र, तो म्हणजे सोबत, एकि म्हणजे स्टेशन, मादे म्हणजे पर्यंत, आणि शेवटी चालल्याचे क्रियापद. एकही शब्द जागचा हलवावा लागत नाही. मराठीची शब्दयोगी अव्यये नामानंतर येतात, जपानीची तशीच नामानंतर येतात. कर्म क्रियापदाच्या आधी, क्रियापद शेवटी. प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी आपण ‘का’ लावतो आणि जपानी माणूसही नेमका ‘का’च लावतो: ‘इकिमास् का’ म्हणजे ‘जाता का’. दुजोरा मागताना आपला ‘ना’ आणि त्यांचा ‘ने’ सारखेच काम करतात.

याहून मोलाची गोष्ट ‘-ऊन’ लागून होणाऱ्या धातुसाधितांची आहे. जपानीत क्रियापदाचे ‘ते’ रूप असते आणि ते बहुतेक ठिकाणी आपल्या ‘-ऊन’सारखे वागते. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन. मग ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणे, आणि ‘मिरु’ या क्रियापदाचा मूळ अर्थही बघणे असाच आहे. ‘ताबेते शिमाउ’ म्हणजे खाऊन टाकणे, ‘मोत्ते कुरु’ म्हणजे घेऊन येणे, ‘मोत्ते इकु’ म्हणजे घेऊन जाणे, ‘कात्ते आगेरु’ म्हणजे विकत घेऊन देणे. इंग्रजीच्या वाटेने जपानी शिकणाऱ्यांना या जोडक्रियापदांवर प्रकरणेच्या प्रकरणे वाचावी लागतात, कारण ‘खाऊन बघणे’ आणि ‘खाऊन टाकणे’ यांतला फरक त्यांच्या भाषेत क्रियापदाच्या जोडीने दाखवला जात नाही. मराठी विद्यार्थ्याने हे प्रकरण इंग्रजी स्पष्टीकरणातून वाचणे म्हणजे द्राविडी प्राणायाम आहे. सरळ मराठी रूप शेजारी लिहावे. ‘काल घेतलेले पुस्तक’ ही रचनाही ‘किनो कात्ता होन’ अशी जशीच्या तशी उतरते, नामाच्या आधीच सगळे विशेषण येते आणि ‘जो-तो’ लागत नाही. ‘मला समजते’मधला ‘मला’ही जपानीच्या स्वभावाला परका नाही, ‘वाकारु’ या क्रियापदात जे समजते त्याला कर्माचा ‘ओ’ न लागता ‘गा’ लागतो.

याचा अर्थ सगळेच मिळते असा नव्हे. ‘वा’ हे अव्यय विषय दाखवते आणि ‘गा’ कर्ता दाखवते, हा भेद मराठीत प्रत्ययाने होत नाही. ‘झो वा हाना गा नागाइ’ या प्रसिद्ध वाक्याचा अर्थ ‘हत्तीचे म्हणाल तर सोंड लांब’ असा घेतला की ‘वा’चे काम थोडे कळते, पण ते अंगवळणी पडायला वर्षे जातात. मराठीत एकाच ‘आहे’वर भागते, जपानीत सजीवासाठी ‘इरु’ आणि निर्जीवासाठी ‘आरु’ लागतो. शिवाय मराठीत आपण कर्ता गाळतो तेव्हा ‘आलो’, ‘आलीस’ या रूपांतूनच तो कळतो. जपानी क्रियापद कर्त्याविषयी काहीच सांगत नाही आणि कर्ता तर गाळतातच. कोण आले हे संदर्भावरून ओळखावे लागते.

आता तेच तीन रकाने आफ्रिकान्ससाठी भरा. ‘मी काल घरी पटकन पुस्तक वाचले’ हे वाक्य आफ्रिकान्समध्ये ‘मी – आहे – काल – पुस्तक – पटकन – घरी – वाचलेले’ अशा क्रमाने येते. दक्षिण आफ्रिकेतील शाळांत दुसरी भाषा म्हणून आफ्रिकान्स शिकणारी मुले हा क्रम ‘स्टोम्पी’ या आद्याक्षरांच्या सूत्राने पाठ करतात: कर्ता, पहिले क्रियापद, वेळ, कर्म, रीत, स्थळ, दुसरे क्रियापद, आणि त्यानंतर ‘-ण्यास’ अशा अर्थाचा क्रियापदाचा तुकडा. नवशिक्याने हे सूत्र वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, कारण पुष्कळ चुका येथेच होतात. मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागेवरून हलत नाही. ‘उद्या’ हा शब्द पुढे आणला तर कर्ता क्रियापदाच्या मागे जातो: ‘मॉरअ कोम हेय’, म्हणजे ‘उद्या येतो तो’. पण ‘की’ने जोडलेल्या गौण वाक्यात क्रियापद एकदम शेवटी जाते: ‘एक विअट दाट हेय मॉरअ कोम’, म्हणजे ‘मला माहीत आहे की तो उद्या येतो’. मराठी माणसाला गौण वाक्य सोपे आणि मुख्य वाक्य अवघड वाटते. इंग्रजी भाषकाचे नेमके उलटे होते.

नकार दोनदा येतो, हे आफ्रिकान्सचे खास वैशिष्ट्य. ‘एक प्राट नी आफ्रिकान्स नी’ म्हणजे ‘मी आफ्रिकान्स बोलत नाही’. पहिला ‘नी’ क्रियापदामागे आणि दुसरा वाक्य संपवताना. वाक्य ‘मला समजत नाही’ इतके छोटे असेल तर ‘एक फ़रस्टान नी’ असा एकच पुरतो. मराठीत वाक्याचा शेवट ‘नाही’ने होत असल्यामुळे दुसरा ‘नी’ आपल्या तोंडी आपोआप येतो. विसरतो तो पहिला. आणखी एक सोय लक्षात ठेवावी. माणूस कर्म असेल तर बोलीत आफ्रिकान्स भाषक ‘फ़िर’ हा शब्द घालतात: ‘एक सीन फ़िर मारिया’. आपण ‘मारियाला पाहतो’ म्हणतो पण ‘डोंगर पाहतो’ला ‘ला’ लावत नाही, त्याच जातीची ही खूण आहे.

पायरी ५: क्रियापदांचे ओझे तोलून पाहा

येथे दोन्ही भाषा मराठीपेक्षा कितीतरी हलक्या आहेत. मराठीत तीन लिंगे, दोन वचने, पुरुष, आणि त्यावर ‘त्याने पोळी खाल्ली’सारखा कर्माकडे झुकणारा प्रयोग. यांपैकी काहीही जपानीतही नाही आणि आफ्रिकान्समध्येही नाही. मराठी व्याकरण पेलणाऱ्याने या भागाची धास्ती घेण्याचे कारण नाही.

आफ्रिकान्समध्ये मी, तू, तो, आम्ही, ते या सर्वांना क्रियापदाचे एकच रूप चालते. भूतकाळासाठी ‘हेट’ आणि क्रियापदाच्या आधी ‘ख़’ असा उपसर्ग लावला की काम झाले. ‘होता’, ‘शकला’ अशा मोजक्या क्रियापदांचीच वेगळी भूतकाळी रूपे उरली आहेत. जपानीत पुरुष-वचन नाही, पण प्रत्ययांची साखळी आहे: ताबेरु म्हणजे खातो, ताबेनाइ म्हणजे खात नाही, ताबेताइ म्हणजे खावेसे वाटते, ताबेताकुनाकात्ता म्हणजे खावेसे वाटले नाही. अनियमित म्हणावीत अशी क्रियापदे मुख्यतः दोनच, ‘सुरु’ म्हणजे करणे आणि ‘कुरु’ म्हणजे येणे. मात्र विशेषणेही काळानुसार बदलतात, हे नवशिक्याला विचित्र वाटते: ‘ताकाइ’ महाग आहे, ‘ताकाकात्ता’ महाग होते.

पायरी ६: लिपीचा हिशोब प्रामाणिकपणे मांडा

जपानीला जो वेळ लागतो तो बहुतेक येथे जातो, आणि वाक्यरचनेत मिळालेली सवलत येथे व्याजासकट परत करावी लागते.

आरंभ मात्र सुखाचा आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन अक्षरमालांत प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे आहेत आणि त्यांचा क्रम आ-इ-उ-ए-ओ, मग का-सा-ता-ना-हा-मा-या-रा-वा असा आहे. हा क्रम आपल्या वर्णमालेसारखा भासतो, कारण तो बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासाच्या प्रभावातूनच जपानमध्ये आकाराला आला. ‘सा’ची ओळ च-वर्गाच्या जागी आणि ‘हा’ची ओळ प-वर्गाच्या जागी बसते, प्राचीन जपानीत ‘हा’चा उच्चार ‘पा’सारखा होता, हे कळले की कोडे सुटते. या दोन्ही अक्षरमाला तीन-चार आठवड्यांत हाताला बसतात. रोमन लिपीतून जपानी शिकण्याचा मोह मात्र पहिल्या दिवसापासून टाळावा.

त्यानंतर कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेली अक्षरे. २०१० मध्ये सुधारलेल्या सरकारी यादीत सर्वसाधारण वापराच्या २१३६ कांजी आहेत, आणि त्यांपैकी १०२६ जपानी मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. पुष्कळ कांजींना निदान दोन उच्चार असतात: एक देशी आणि एक चिनीवरून आलेला. मराठी वाचकाने हे ‘पाणी’ आणि ‘जल’ या जोडीवरून समजून घ्यावे. सुटा शब्द असेल तर आपण ‘पाणी’ म्हणतो, पण समासात ‘जलाशय’, ‘जलचर’ असे संस्कृत रूप येते. तसेच पाण्याची कांजी एकटी असली की ‘मिझु’ वाचतात, आणि नळाच्या पाण्यासाठीच्या ‘सुइदो’ किंवा पोहण्यासाठीच्या ‘सुइएइ’ या जोडशब्दांत ‘सुइ’ वाचतात. म्हणून कांजी सुट्या पाठ न करता नेहमी शब्दांत पाठ कराव्यात. उच्चारांची यादी पाठ करणारे विद्यार्थी लवकर थकतात.

आफ्रिकान्सचे लेखन त्यामानाने एका आठवड्याचे काम आहे. रोमन लिपी, आणि उच्चाराशी बऱ्यापैकी इमान राखणारे शुद्धलेखन. स्वरावर छपरासारखे चिन्ह आले तर स्वराचा उच्चार बदलतो, दोन टिंबे आली तर तेथून नवे अक्षर सुरू होते. ‘एक’ अशा अर्थाचे उपपद नेहमी लहान अक्षरातच लिहितात, वाक्याच्या आरंभी आले तरी. मोठे अक्षर पुढच्या शब्दाला मिळते. या भाषेचा लिपीचा इतिहास मात्र तिच्या आजच्या साधेपणावरून कळत नाही. केपमधील मुस्लिम समाज एकोणिसाव्या शतकात आफ्रिकान्स अरबी लिपीत लिहीत असे, आणि धर्मपंडित अबू बक्र एफेंदी यांचा त्या पद्धतीचा धर्मविषयक ग्रंथ १८७७ मध्ये छापला गेला. गोऱ्या आफ्रिकानेर लोकांची चळवळ या भाषेसाठी पार्ल गावात १८७५ मध्ये संघटित झाली आणि सरकारी भाषेचा दर्जा तिला १९२५ मध्ये मिळाला.

पायरी ७: ओळखीचे शब्द गोळा करा

दोन्ही भाषांत समान शब्द सापडणार नाहीत असे वाटते, पण सापडतात, आणि त्याचे कारण डच ईस्ट इंडिया कंपनी आहे. जपानने १६४१ पासून डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देजिमा या कृत्रिम बेटावर बंदिस्त करून ठेवले. त्याच कंपनीने १६५२ मध्ये यान फान रीबेक यांच्या हाताखाली केप येथे जहाजांच्या रसदीसाठी ठाणे उभारले. पहिल्या ठाण्यातून जपानीला थोडे डच शब्द मिळाले, दुसऱ्यातून अख्खी भाषा घडली. म्हणून बिअरसाठी जपानीत ‘बीरु’ आणि आफ्रिकान्समध्ये ‘बीर’, काचेसाठी ‘गारासु’ आणि ‘ख़लास’, कॉफीसाठी ‘कोही’ आणि ‘कॉफ़ी’ आहेत. शस्त्रक्रियेच्या चाकूला जपानी डॉक्टर ‘मेसु’ म्हणतात आणि आफ्रिकान्समध्ये कोणताही चाकू ‘मेस’ असतो.

मराठीशी धागा पोर्तुगीजांमार्फत जुळतो. जपानीतला ‘पान’ आणि आपला ‘पाव’ एकाच पोर्तुगीज शब्दातून आले. तुरुंगासाठी आफ्रिकान्समध्ये ‘ट्रोंक’ आहे आणि आपला ‘तुरुंग’ही त्याच मुळाचा. केपमध्ये गुलाम म्हणून आणलेल्या लोकांत मलय बेटांवरचे, मादागास्करचे, तसेच मलबार, कोरोमंडल आणि बंगालमधलेही होते. आफ्रिकान्सवर त्यांची छाप स्पष्ट दिसते: ‘पुष्कळ’साठीचा ‘बाया’ आणि केळ्यासाठीचा ‘पीसांग’ मलयमधून आले आहेत, आणि लोणच्याला ‘आचार’सारखाच शब्द आहे. ‘लाख़-लाख़’ म्हणजे हसत हसत, ‘प्लेक-प्लेक’ म्हणजे जागोजागी, अशी द्विरुक्तीही तेथे भरपूर आहे. जपानीतही ‘तोकिदोकि’ म्हणजे अधूनमधून, ‘हितोबितो’ म्हणजे लोक, असे शब्द रोजच्या वापरात आहेत.

पण एकंदर शब्दसंग्रहाचा विचार करता इंग्रजी येणाऱ्याला आफ्रिकान्स झुकते माप देते. हात, पाणी, पुस्तक, घर, हिवाळा यांचे शब्द इंग्रजीशी इतके जुळतात की महिनाभरात मथळे वाचता येतात. जपानीत इंग्रजीवरून घेतलेले हजारो शब्द असले, तरी ते काताकानात लिहिलेले आणि जपानी उच्चारात घोळलेले असतात, त्यामुळे ओळख पटायला वेळ लागतो.

पायरी ८: कोणाला काय म्हणायचे ते शिका

आफ्रिकान्समध्ये ‘तू’साठी ‘येय’ आणि आदरार्थी ‘यू’ असे शब्द आहेत, पण व्यवहारात मोठ्या माणसाला ‘ओअम’ म्हणजे काका किंवा ‘टानी’ म्हणजे मावशी असेच म्हणतात, अनोळखी असले तरी. त्यातही सर्वनाम टाळून तोच शब्द पुन्हा वापरतात: ‘विल ओअम कॉफ़ी हे’, म्हणजे ‘काकांना कॉफी हवी का’. महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला हे शिकवावे लागत नाही. इंग्रजी वळणाने ‘येय’ म्हणून मोकळे होण्याची चूक तेवढी टाळावी.

जपानीत आदर ही स्वतंत्र यंत्रणा आहे. ‘खाणे’ हे साधे ‘ताबेरु’. समोरच्याने खाल्ले तर ‘मेशिआगारु’, स्वतः नम्रपणे खाल्ले तर ‘इतादाकु’. मराठीत ‘जेवलात का’ म्हणताना आपण क्रियापदाचे रूप बदलतो, जपानीत क्रियापदच बदलते. आणखी एक फरक कार्यालयात फार महत्त्वाचा ठरतो. बाहेरच्या माणसाशी बोलताना आपण ‘आमचे साहेब बाहेर गेले आहेत’ असे आदराने म्हणतो. जपानीत आपल्या संस्थेचा साहेब त्या वेळी ‘आपल्यातला’ असल्यामुळे त्याच्या नावामागे ‘सान’ न लावता नम्र रूप वापरायचे असते. मराठी संस्कार येथे आड येतात, म्हणून हे प्रकरण वाचून नव्हे, संवाद पाठ करून शिकावे.

दक्षिण आफ्रिकेत भाषेची निवड हाच एक संकेत असतो, हेही नवख्याने जाणून घ्यावे. शाळांत आफ्रिकान्स माध्यमाची सक्ती केल्यामुळे १६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि पोलिसांनी गोळीबार केला. तो दिवस आज राष्ट्रीय सुटीचा आहे. दुसरीकडे, आज आफ्रिकान्स बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा मिश्रवंशीय समाजाची संख्या मोठी आहे आणि केप टाउनची ‘काप्स’ ही बोली त्यांचीच. ज्याची जी भाषा आहे त्याच्याशी ती बोलावी, आणि समोरच्याने दुसरी भाषा निवडली तर आग्रह धरू नये.

पायरी ९: अंक आणि घड्याळ

हा भाग लहान आहे, पण खरेदीत आणि गाडी पकडताना उपयोगी पडतो. आफ्रिकान्समध्ये पंचाहत्तर म्हणजे ‘पाच आणि सत्तर’, मराठीसारखे एकक आधी. ‘अर्धा पाच’ म्हणजे साडेचार, साडेपाच नव्हे. जपानीत पंचाहत्तर ‘सात-दहा-पाच’ इतके सरळ आहे, साडेचार म्हणजे ‘चार वाजता अर्धा’. मोठ्या संख्या मात्र दहा हजारांच्या गटाने मोजतात: एक लाख म्हणजे दहा ‘मान’, एक कोटी म्हणजे हजार ‘मान’, दहा कोटी म्हणजे एक ‘ओकु’. लाख-कोटीची सवय असलेल्याला हे इंग्रजी मिलियनपेक्षा लवकर साधते. वस्तू मोजताना मात्र लांबट वस्तूला ‘होन’, सपाट वस्तूला ‘माइ’, पुस्तकाला ‘सात्सु’ असे वेगवेगळे शब्द जपानीत लावावे लागतात. त्यांपैकी पाच-सहा आधी शिकून बाकीचे नंतर पाहावेत.

पायरी १०: दोन महिने चाचणी घ्या, मग भाषा ठरवा

पहिल्या महिन्यात रोज तासभर जपानी: दोन आठवडे हिरागाना, दोन आठवडे काताकाना, आणि त्यासोबत तीन रकान्यांच्या वहीत रोज पाच वाक्ये. एनएचके वर्ल्ड या प्रसारण संस्थेचे विनामूल्य जपानी पाठ हिंदीतूनही मिळतात, आणि इंग्रजीतून शिकण्यापेक्षा हिंदीतून शिकणे वाक्यरचनेसाठी अधिक सोयीचे पडते. पुण्यात तर जपानी शिकवणारे मराठी शिक्षक पुष्कळ आहेत. शक्य असेल तर त्यांच्याकडेच जावे. दुसऱ्या महिन्यात तेवढाच वेळ आफ्रिकान्सला द्यावा. ‘रेडिओ सोंडर ख़्रेन्स’ हे दक्षिण आफ्रिकेचे सार्वजनिक आफ्रिकान्स केंद्र इंटरनेटवर ऐकता येते; बातमीपत्र आधी ऐकावे, मग तीच बातमी एखाद्या आफ्रिकान्स वृत्तस्थळावर वाचावी.

महिन्याअखेर दोन गोष्टी तपासाव्यात. न पाहता स्वतःची किती वाक्ये रचता येतात, आणि अनोळखी मजकुराचे एक पान किती वेळात उलगडते. माझ्या मते बहुतेक मराठी विद्यार्थ्यांना बोलण्याच्या कसोटीत जपानी अपेक्षेपेक्षा बरी आणि वाचण्याच्या कसोटीत आफ्रिकान्स कितीतरी पुढे आढळेल. ज्याचे काम कागदपत्रे वाचण्याचे आहे त्याने जपानीसाठी दोन-तीन वर्षांची तयारी ठेवावी. ज्याला मुख्यतः बोलायचे आहे त्याने २२०० तासांच्या आकड्याने बिचकू नये.

जपानी ठरली तर परीक्षेची तारीख आधी पकडावी. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये होते, पुणे आणि मुंबई ही तिची केंद्रे आहेत, आणि एन-५ ही सर्वांत खालची पातळी आहे. अर्ज परीक्षेच्या काही महिने आधीच बंद होतात. या परीक्षेत बोलण्याची आणि हाताने लिहिण्याची चाचणी नसते, म्हणून त्या दोन्हींचा सराव वेगळा चालू ठेवावा लागतो. आफ्रिकान्स ठरली तर इतक्या सहज हाताशी येणारी परीक्षा नाही. त्यामुळे स्वतःच मुदत घालून घ्यावी, उदाहरणार्थ सहा महिन्यांत पाच मिनिटांचे बातमीपत्र शब्दकोशाशिवाय समजणे, आणि बोलण्यासाठी असा जोडीदार शोधावा जो आपण अडखळलो तरी इंग्रजीकडे वळणार नाही.